गोळीच्या वाटेवरचा नकाशा

१९०४ साली मांचुरियात रशिया आणि जपान एकमेकांना भिडले, तेव्हा रशियन पायदळाच्या खांद्यावर १८९१च्या बनावटीची मोसिन-नागां रायफल होती. तिची गोळी ७.६२ मिलिमीटर जाडीची, कठीण आवरणाची आणि नळीतून सुटताना सेकंदाला सहाशे मीटरच्या घरातल्या वेगाची. जुन्या, जाड शिशाच्या गोळ्या हाडावर आदळल्या की चपट्या व्हायच्या आणि कवटीच्या ठिकऱ्या उडवायच्या. ही नवी गोळी पुष्कळदा एका बाजूने सरळ आत शिरायची आणि दुसऱ्या बाजूने निघून जायची. मागे राहायची दोन लहान भोकं. डोक्यातून गोळी आरपार जाऊनही जिवंत परतलेले सैनिक या युद्धाने डॉक्टरांना दाखवले.

त्यांतल्या काहींची तक्रार चक्रावून टाकणारी होती. गोळी लागली डोक्याच्या मागे आणि बिघडली नजर. डोळ्याला ओरखडाही नाही, बाहुल्या उजेडाला नीट आकसतात, आतला पडदा निरोगी. तरी शिपाई सांगतो की डावीकडचं काहीच दिसत नाही. कोणाला समोरच्या दृश्याचा खालचा भाग हरवलेला, तर कोणाला नेमका मधला. अशा सैनिकांचा प्रश्न फक्त वैद्यकीय राहिला नाही. जायबंदी सैनिकाला सरकार पेन्शन देणार होतं आणि किती द्यायची, हे दृष्टी किती गेली त्यावर ठरणार होतं. तुटलेली बोटं मोजता येतात. जे माणसाला दिसत नाही आणि दिसत नसल्याचं फक्त तोच सांगू शकतो, ते कसं मोजायचं?

हे काम आलं तात्सुजी इनोउये या पंचविशीच्या आसपासच्या डॉक्टरकडे. टोकियोतल्या नेत्रवैद्यांच्या घराण्यातला हा मुलगा. आशियातल्या एका देशाने युरोपातल्या बड्या सत्तेला पाणी पाजलं म्हणून तेव्हा हिंदुस्थानातली वर्तमानपत्रंही हरखून गेली होती. त्या विजयाची एक बाजू इनोउयेच्या तपासणीच्या खोलीत खुर्चीवर बसून समोरच्या ठिपक्याकडे टक लावून पाहत होती.

माणूस मेंदूच्या कोणत्या भागाने पाहतो, हा प्रश्न तोवर अर्धाच सुटला होता. १७७६ साली पार्मा इथे फ्रान्चेस्को जेन्नारी या वैद्यकीय विद्यार्थ्याला गोठवलेला मेंदू कापताना मागच्या भागात एक पांढुरकी रेघ दिसली. मेंदूचं वरचं आवरण, म्हणजे बाह्यक, सगळीकडे एकसारखं नसतं याचा तो पहिला पुरावा. पण ती रेघ तिथे कशासाठी, हे कोडंच राहिलं. शंभर वर्षांनी लंडनच्या डेव्हिड फेरियरने माकडांवरच्या प्रयोगांवरून दृष्टीचं केंद्र मेंदूच्या कडेला, कानाच्या वर आणि थोडं मागे असल्याचं जाहीर केलं. बर्लिनच्या हेर्मान मुंकने कुत्र्यांवर आणि माकडांवर शस्त्रक्रिया करून ते पार मागच्या खंडात असल्याचं दाखवलं. दोघांचं चांगलंच वाजलं. मुंकचं बरोबर ठरलं. मग स्वीडनच्या सालोमन हेन्शेनने मृत रुग्णांचे मेंदू तपासून जागा आणखी आवळत आणली. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांच्या आतल्या, समोरासमोरच्या बाजूंवर कॅल्करीन नावाची खोल खाच आहे, तिच्या वरच्या आणि खालच्या काठावर दृष्टीची वस्ती आहे, असं त्याने मांडलं. जेन्नारीची रेघ नेमकी तिथेच होती.

जागा कळली, पण त्या जागेत दृश्य कसं मांडलेलं असतं यावर एकवाक्यता नव्हती. खरा वाद पीतबिंदूचा होता. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध असलेला हा इवला भाग. वाचताना, सुईत दोरा ओवताना, ओळखीचा चेहरा हेरताना आपण वापरतो तो हाच. हात लांब करून अंगठा धरला तर अंगठ्याची रुंदी दृष्टिक्षेत्रातले साधारण दोन अंश व्यापते, आणि खरोखर तीक्ष्ण असं आपल्याला तेवढ्यातच दिसतं. या मधल्या दृष्टीचं मेंदूतलं ठिकाण हेन्शेनने खाचेच्या पुढच्या टोकाला ठेवलं. झुरिकचा फॉन मोनाकोव म्हणत होता की तिला ठरावीक ठिकाणच नाही, ती सगळीकडे पसरलेली आहे. मृतदेहांवरून हा वाद मिटणारा नव्हता. पक्षाघाताने किंवा गाठीने मेंदूचा एवढा मोठा तुकडा निकामी होतो की त्यातलं बारीक काही हाती लागत नाही. त्यासाठी हवी होती अरुंद जखम, तरुण रुग्ण आणि आपल्याला काय दिसतं ते नीट सांगू शकणारा माणूस. रशियन रायफलीने नेमकं तेच पुरवलं.

इनोउयेने दोन गोष्टी मोजल्या. पहिली, दृष्टिक्षेत्र. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने समोरच्या ठिपक्यावर नजर खिळवायची, आणि कमानीवरून पांढरा ठिपका कडेकडून मध्याकडे आणत ‘दिसला’ म्हणेल तिथे खूण करायची. सगळ्या दिशांनी असं करत गेलं की कागदावर न दिसणाऱ्या प्रदेशाची हद्द उमटते. अशी हद्द वारंवार तपासून तीच येत असेल, तर सोंगाला फारसा वाव राहत नाही. दुसरी मोजणी मात्र त्याची स्वतःची. गोळी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली, हे कवटीवर तिन्ही दिशांनी अचूक नोंदवता यावं म्हणून त्याने डोक्यावर बसवायचं एक उपकरणच तयार केलं. दोन भोकं एका सरळ रेषेने जोडली की गोळीची वाट मिळते. ती मेंदूच्या आराखड्यावर आखली की कोणता भाग कापला गेला ते कळतं. हा भाग गेला आणि त्या माणसाचं अमुक दिसणं गेलं, अशी जोडी जुळवत त्याने २९ सैनिकांचा हिशेब मांडला.

हातात आला तो नकाशा होता. डावीकडचं जग, मग ते कोणत्याही डोळ्याने पाहिलेलं असो, मेंदूच्या उजव्या अर्ध्यात उतरतं आणि उजवीकडचं डाव्या अर्ध्यात. म्हणूनच उजव्या बाजूला जखम झालेला शिपाई ‘डावा डोळा गेला’ म्हणायचा, आणि तपासलं तर दोन्ही डोळ्यांचा डावा अर्धा गेलेला असायचा. दृश्याचा वरचा भाग खाचेच्या खालच्या काठावर आणि खालचा भाग वरच्या काठावर, म्हणजे सगळं उलटं. दृश्याची कडेची बाजू मेंदूत आत, पुढे. आणि पीतबिंदू? तो होता अगदी मागे, डोक्याच्या पाठीमागे हात लावला की जिथे उंचवटा लागतो त्याच्या आतल्या बाजूला. हेन्शेनचा नकाशा टोकाकडून टोकाकडे उलटा निघाला.

आणखी एक गोष्ट इनोउयेच्या आकृतीत स्पष्ट दिसते. नकाशा प्रमाणात नाही. दृश्याच्या मधल्या लहानशा भागाला बाह्यकाचा भलामोठा पट्टा दिलेला आहे आणि कडेच्या विस्तीर्ण प्रदेशाची बोळवण उरलेल्या जागेत केली आहे. पुण्याच्या नकाशात एकट्या सदाशिव पेठेने अर्धा कागद अडवावा, तसं काहीसं.

१९०९ साली त्याने हे सारं पुस्तकरूपाने जर्मनीत, जर्मन भाषेत छापलं. तेव्हा वैद्यकातली मोठी भाषा तीच होती, त्यामुळे निवड चुकली असं म्हणवत नाही. पण पाच वर्षांत महायुद्ध पेटलं, जर्मन ग्रंथ शत्रूचे झाले, आणि त्याच युद्धाने इंग्रजीत दुसरा नकाशा काढणारा माणूस पुढे आणला.

गॉर्डन होम्स मूळचा आयर्लंडचा, लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या राष्ट्रीय रुग्णालयातला मज्जासंस्थेचा डॉक्टर. तपासणीत इतका काटेकोर की त्याच्या हाताखाली शिकलेले पुढे जन्मभर त्याचे किस्से सांगत. १९१४ साली तो लष्करात भरती व्हायला गेला आणि नाकारला गेला. कारण, नजर कमजोर. युद्धातल्या दृष्टिदोषांवर ज्याचा शब्द पुढे अर्धं शतक प्रमाण मानला गेला, त्याला लष्कराने चष्म्यापायी परत पाठवलं होतं. मग तो पर्सी सार्जंट या शल्यविशारद सहकाऱ्याबरोबर रेड क्रॉसच्या इस्पितळातून फ्रान्समध्ये पोहोचला. लष्कराला लवकरच शहाणपण सुचलं आणि दोघेही बूलोन्यच्या लष्करी इस्पितळात रुजू झाले.

खंदकातल्या युद्धात डोकं हाच सर्वांत उघडा अवयव. १९१५ साली आलेलं ब्रिटिश सैन्याचं ब्रॉडी शिरस्त्राण उथळ ताटलीसारखं होतं. ते बनवलं होतं वरून पडणारे तोफगोळ्यांचे तुकडे झेलण्यासाठी. मानेच्या वरचा, डोक्याचा मागचा भाग त्याखाली उघडाच राहायचा, आणि दृष्टीची वस्ती तिथेच. गोळ्यांपेक्षा तोफगोळ्यांच्या तुकड्यांच्या जखमा इथे जास्त. त्या जपानी सैनिकांच्या जखमांइतक्या नेटक्या नव्हत्या, पण संख्या प्रचंड. नेत्रतज्ज्ञ विल्यम लिस्टरसह होम्सने १९१६ साली पीतबिंदूच्या जागेवर लेख लिहिला आणि १९१८ साली सगळा नकाशा एकत्र मांडला. मोठमोठी यंत्रं नेणं शक्य नसलेल्या इस्पितळांत, शेजारच्या खाटेवर कोणी विव्हळत असताना, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या पोरांना ‘समोर बघ, हलू नकोस, ठिपका दिसला की सांग’ असं म्हणत हे काम झालं आहे, हे त्या कोरड्या आकृत्या पाहताना विसरायला होतं.

या नोंदींत एक विषमता होती. दृष्टिक्षेत्राचा खालचा अर्धा हरवलेले सैनिक बरेच भेटत, वरचा अर्धा हरवलेले अगदी कमी. मेंदूला वरच्या बाजूचं काही वावडं होतं असं नव्हे. दृश्याचा वरचा भाग खाचेच्या खालच्या काठावर असतो, आणि त्या काठाच्या लगत मोठ्या रक्तवाहिन्या आणि लहान मेंदू आहे. तिथे तुकडा घुसला की माणूस तपासणीच्या खुर्चीपर्यंत पोहोचतच नसे. नकाशाचा तो कोपरा विरळ राहिला, कारण त्याची माहिती देऊ शकले असते ते लोक मेले होते.

होम्सचा नकाशा इनोउयेच्या नकाशाशी जुळला. दृश्य उलटं, डावं-उजवं अदलाबदल झालेलं, मध्य मागच्या टोकाला. पाठ्यपुस्तकांत मात्र नाव लागलं होम्सचं. ते अन्यायाचं असलं तरी अनाकलनीय नाही. रुग्ण कितीतरी जास्त, भाषा इंग्रजी आणि होम्सचा दबदबा.

या दबदब्याची दुसरी बाजू एका कनिष्ठ डॉक्टरच्या वाट्याला आली. जॉर्ज रिडॉक, स्कॉटिश, लंडनमध्ये जखमी अधिकाऱ्यांच्या इस्पितळात काम करणारा. त्याच्या काही रुग्णांनी त्याला काही विलक्षण सांगितलं. दृष्टिक्षेत्राच्या आंधळ्या भागात वस्तू स्थिर ठेवली तर त्यांना काहीही दिसत नसे. तीच वस्तू हलवली की ‘तिथे काहीतरी हललं’ एवढं कळत असे. काय हललं, कोणत्या आकाराचं, कोणत्या रंगाचं, याचा पत्ता नाही. नुसती हालचाल, जिची आहे ती वस्तू वगळून. १९१७ साली रिडॉकने ‘ब्रेन’ या नियतकालिकात हे मांडलं आणि सुचवलं की मेंदू आकार आणि गती वेगवेगळी हाताळत असावा.

होम्सला हे पटलं नाही. त्याने आपल्या रुग्णांत असा विभक्तपणा पाहिला नव्हता. त्याच्या हिशेबी दृश्य एकाच ठिकाणी उतरतं आणि तिथे जे फाटतं ते सगळं एकत्र फाटतं. मेंदूला इजा होऊन फक्त रंग गेलेल्या एका बाईची नोंद स्वित्झर्लंडच्या लुई व्हेरे याने १८८८ सालीच केली होती. तीही होम्सने मानली नाही. शिपायाचं ‘दिसत नाही’ हे त्याने ठिपक्याठिपक्याने पारखून स्वीकारलं होतं, पण ‘दिसत नाही, तरी हललेलं कळतं’ हे त्याच्या आकृतीत कुठे बसत नव्हतं. १९२२पासून पंधरा वर्षं ‘ब्रेन’चा संपादक होम्सच होता. रिडॉकचा लेख बराच काळ कोणी फारसा उघडला नाही.

दरम्यान प्रश्न जखमांच्या हातून सुटून विजेच्या सुईकडे गेला. १९५८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, स्टीफन कफलरच्या प्रयोगशाळेत, कॅनडाचा डेव्हिड ह्यूबेल आणि स्वीडनचा टॉर्स्टेन वीझल यांनी मांजराच्या दृश्य बाह्यकातल्या एकेका पेशीचं बोलणं ऐकायला सुरुवात केली. पेशी पेटली की ध्वनिक्षेपकातून टकटक ऐकू यायची. डोळ्यासमोर काळे-पांढरे ठिपके दाखवून दोघे दमले, पेशी ढिम्म. मग ठिपक्याची काचपट्टी यंत्रात सरकवताना पेशी एकाएकी मशीनगनसारखी तडतडायला लागली. ठिपक्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. काचेच्या कडेची बारीक सावली पडद्यावरून ठरावीक तिरकसपणे सरकली, त्याला तिने दाद दिली होती. शेजारच्या पेशी दुसऱ्या तिरकसपणाच्या. म्हणजे होम्सच्या नकाशातल्या प्रत्येक ठिकाणी नुसता ठिपका उतरत नव्हता. तिथल्या पेशी रेषा आणि कडा हेरत होत्या. १९८१चं नोबेल दोघांना मिळालं, रॉजर स्पेरीसह.

नकाशाची एक वेगळीच परीक्षा १९६८ साली झाली. इंग्लंडमध्ये जाइल्स ब्रिंडली आणि वॉलपोल लेविन यांनी एका ५२ वर्षांच्या आंधळ्या बाईच्या दृश्य बाह्यकावर ८० विद्युतअग्रं बसवली. एकेकात वीज सोडली की तिला अंधारात प्रकाशाचा पांढरा ठिपका दिसायचा, काही तर साबुदाण्याएवढे बारीक. तेच अग्र पुन्हा उद्दीपित केलं की ठिपका त्याच जागी. आणि ती जागा साधारणपणे जुन्या नकाशाने सांगितली तिथेच.

रिडॉकचे दिवस फिरले ते त्यानंतर. सत्तरच्या दशकात माकडांच्या मेंदूत, पहिल्या दृश्य बाह्यकाच्या बाहेर, गतीलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशींचा स्वतंत्र प्रदेश सापडला. लंडनच्या सेमिर झेकीने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९७४ साली होम्सच्याच क्वीन स्क्वेअर रुग्णालयातल्या संशोधकांसह लॉरेन्स वाइस्क्रांट्झने एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागच्या उजव्या भागावर शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्याला डावीकडचं दिसत नव्हतं. ‘तिथे दिवा कुठे लागला ते नुसतं अंदाजाने दाखव’ म्हटलं की तो बहुतेकदा अचूक बोट दाखवायचा. स्वतः मात्र म्हणायचा, मी आपला काहीतरी सांगतोय. आणि १९८३ साली म्युनिकच्या योसेफ त्सिल आणि सहकाऱ्यांनी रिडॉकच्या रुग्णांच्या बरोब्बर उलट अशी बाई जगासमोर आणली. तिला आकार दिसत, रंग दिसत, गती दिसत नसे. कपात चहा ओतताना धार तिला हिमनदीसारखी गोठलेली भासायची. कप भरत चालला आहे हे कळायचं नाही आणि चहा बशीबाहेर जायचा. रस्ता ओलांडायला उभी राहिली तर गाडी आधी लांब, आणि एकदम समोर.

आकार एकीकडे, गती दुसरीकडे. रिडॉक तेव्हा हयात नव्हता, तो १९४७ साली वारला. आंधळ्या भागात नुसती हालचाल कळणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेला झेकी आणि डॉमिनिक फिच यांनी १९९८ साली त्याचं नाव दिलं.

होम्सच्या नकाशाचीही झडती झाली. १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जोनाथन हॉर्टन आणि विल्यम हॉइट यांनी एमआरआयच्या चित्रांशी रुग्णांची दृष्टिक्षेत्रं ताडून पाहिली. होम्सने मधल्या दृष्टीला फारच कमी जागा दिली होती. प्रत्यक्षात दृश्याच्या मधल्या दहा अंशांवरच पहिल्या दृश्य बाह्यकाचा निम्म्याहून अधिक भाग खर्ची पडतो.

इनोउयेला विस्मरणातून बाहेर काढण्याचं श्रेय मुख्यतः मिचेल ग्लिकस्टाइन या मेंदू-संशोधकाचं. १९८७ साली डेव्हिड व्हिटरिजबरोबर त्याने इनोउयेवर लेख लिहिला आणि पुढे मान्फ्रेड फाले या सहकाऱ्यासह जर्मन पुस्तकाचं भाषांतर पुरं केलं. ते २००० साली, मूळ प्रकाशनानंतर ९१ वर्षांनी, इंग्रजीत छापून आलं. छापलं ‘ब्रेन’नेच, खास पुरवणी काढून.